जुनी गाडी घेताना ‘फक्त गॅस भरायचा आहे’ यावर सौदा करू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत आणि सौद्याच्या बोलण्यात एक वाक्य सतत ऐकू येते : ‘एसी चांगला आहे, फक्त गॅस भरायचा आहे.’ घेणारा ते ऐकून निश्चिंत होतो आणि गाडी दारात आल्यावर मोठ्या खर्चात अडकतो. आम्ही मोटारींच्या एसीचे काम करणारे कारागीर आहोत. या एका वाक्यापायी होणारे नुकसान बहुतांशी टाळता येते, म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

एसीचा गॅस वापराने संपत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉईलमध्ये शिरून उकळतो, तिथली उष्णता घेतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. हे चक्र बंदिस्त आहे. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतात, ते मात्र थांबवता येत नाही. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशात आर-१३४एसारख्या गॅसवर चालणाऱ्या नव्या मोटारींसाठी या झिरपण्याची कमाल मर्यादा ठरवली होती : एक कॉईल असेल तर वर्षाला ४० ग्रॅम, पुढे-मागे दोन कॉईल असतील तर ६० ग्रॅम. यावरून अंदाज बांधता येतो. ४५० ग्रॅम गॅस बसणाऱ्या गाडीतून वर्षाला २० ग्रॅम जात असेल, तर सहा वर्षांत १२० ग्रॅम कमी होतील आणि थंडावा घटल्याचे जाणवू लागेल. अशा गाडीत ‘गॅस कमी आहे’ हे खरे असू शकते. पण गेल्याच वर्षी गॅस भरला आणि यंदा पुन्हा कमी झाला, तर ते झिरपणे नव्हे. तिथे लिकेज आहे आणि नुसता गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरणे. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : शेवटचा गॅस कधी भरला, आणि किती ग्रॅम?

ग्रॅमवर आमचा एवढा भर का, ते सांगतो. इंजिन बंद असताना गेज लावले की दाब दिसतो आणि ‘प्रेशर आहे, म्हणजे गॅस आहे’ असे सांगितले जाते. हे चूक आहे. आत थोडासाही द्रव शिल्लक असेल तोवर हा दाब गॅसच्या प्रमाणावर नव्हे, तर तापमानावर ठरतो. आर-१३४एचा दाब २५ अंश सेल्सियसला सुमारे ८२ पीएसआय (दाबाचे एकक) आणि ३५ अंशांना सुमारे ११४ पीएसआय दिसतो, मग आत २०० ग्रॅम असो वा ४५०. खरे प्रमाण कळण्याचा एकच मार्ग : रिकव्हरी मशीनने आतला सगळा गॅस काढून वजन करायचे आणि बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या आकड्याशी ताडून पाहायचे. स्टिकरवर ४५० आणि निघाले २१०, तर अर्ध्याहून अधिक गॅस गेलेला आहे. ही तपासणी सौद्याआधी करून घ्यावी आणि काढलेल्या व भरलेल्या ग्रॅमची पावती मागून घ्यावी. एसीच्या पाइपावरच्या काचेच्या छोट्या खिडकीतून बुडबुडे पाहून किंवा पाइपाला हात लावून गॅस भरणाऱ्यावर विसंबू नये. आजच्या कंडेन्सरच्या नळ्या बारीक असतात, एकूण गॅसच कमी मावतो, त्यामुळे ५०-१०० ग्रॅमचा फरकसुद्धा थंडावा बिघडवतो. जास्त भरला तरीही बिघडवतो, आणि वर कॉम्प्रेसरवर ताण येतो.

कमी गॅसवर एसी चालवत राहणे यात तर सर्वांत मोठा धोका आहे. बहुतेक गाड्यांच्या कॉम्प्रेसरला इंजिनसारखी वेगळी ऑइलची टाकी नसते. साधारण १०० ते १५० मिलिलिटर ऑइल गॅसबरोबरच फिरते आणि परत येणारा थंड गॅसच कॉम्प्रेसरलाही थंड ठेवतो. गॅस कमी झाला की ऑइल नीट परतत नाही, पिस्टन आणि प्लेट कोरड्या घासू लागतात. ‘थोडा कमी थंड करतो, पण चालतो’ असे म्हणून वर्षभर वापरलेल्या एसीचा कॉम्प्रेसर आतून झिजलेला असण्याची शक्यता मोठी असते. गॅस भरल्यावर तो काही दिवस थंड करील, पण झीज भरून निघणार नाही.

आता प्रत्यक्ष पाहणीकडे. इंजिन थंड असताना गाडी पाहायला जा आणि आधी चालू करून ठेवू नका असे सांगून ठेवा. सोबत एक साधा प्रोब थर्मामीटर, टॉर्च आणि जमल्यास यूव्ही टॉर्च असावा. बॉनेट उघडून आधी स्टिकर वाचा : गॅस कोणता, किती ग्रॅम, ऑइल कोणते. मग पाइपांचे सांधे, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग आणि कंडेन्सरच्या कडा पाहा. गॅस जिथून निसटतो तिथून ऑइलही निघते आणि त्यावर धूळ बसून काळपट, चिकट डाग पडतो. हिरवट-पिवळा चमकणारा डाय (लिकेज शोधण्यासाठी आत घालतात तो रंग) दिसला, तर लिकेज शोधण्याचा प्रयत्न आधी झाला आहे हे कळते. मग ‘काय सापडले?’ असे थेट विचारावे. गॅस भरायच्या सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपणे नसणे किंवा तिथे ओले ऑइल असणे हे अलीकडेच गॅस भरल्याचे लक्षण असू शकते. विक्रीच्या आदल्या दिवशी गॅस टॉप-अप केला की हळू लिकेज असलेली गाडीही दोन-तीन आठवडे छान थंड करते. म्हणून एकाच चाचणीवर निर्णय घेऊ नये. शक्य असेल तर काही दिवसांनी पुन्हा जाऊन तेच तापमान मिळते का, ते पाहावे.

कंडेन्सरकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तो रेडिएटरच्याही पुढे असतो आणि समोरून धडक बसली की बंपरमागोमाग मार खातो. कंडेन्सर नवा आणि रेडिएटर जुना, वरच्या पट्टीचे बोल्ट पान्याने सोडवल्याच्या खुणा, रंगात फरक, हेडलाइटचे ब्रॅकेट बदललेले, असे काही दिसले तर प्रश्न एसीपुरता राहत नाही, गाडीच्या अपघाताचा होतो. तसेच एसीचा बेल्टच काढून टाकला असेल किंवा कॉम्प्रेसर टाळून छोटा बेल्ट घातला असेल, तर तो कॉम्प्रेसर जाम झाला होता असे धरून चालावे. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिन गरम होऊ लागले की बऱ्याच गाड्यांत इंजिनचा कंट्रोलर स्वतःच एसी बंद करतो. म्हणजे एसी मध्येच बंद पडण्यामागे रेडिएटर, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केटचा दोष असू शकतो. इंजिनचे तापमान पाहिल्याशिवाय एसीचे निदान करू नये.

इंजिन चालू करा, एसी बंद ठेवा आणि आवाज ऐका. एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर कॉम्प्रेसरच्या पुलीचे बेअरिंग संशयास्पद आहे. एसी लावल्यावरच खडखड सुरू झाली, तर दोष कॉम्प्रेसरच्या आत आहे. मॅग्नेट क्लच (पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा भाग) असलेल्या गाडीत टिक असा आवाज येऊन पुलीची पुढची प्लेट फिरू लागते. ती फिरत नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, क्लचची कॉईल (तिचा रोध बहुधा ३ ते ५ ओहम असतो) आणि प्लेटमधले अंतर क्रमाने तपासायचे. अंतर वाढले की क्लच थंड असताना पकडतो आणि तापल्यावर सोडतो, त्यामुळे दहा मिनिटे चांगला चाललेला एसी अचानक गरम हवा देऊ लागतो. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच नसतोच, पुली सतत फिरते आणि कंट्रोल व्हॉल्व्ह आतल्या पिस्टनची चाल कमी-जास्त करतो. तिथे ‘टिक आवाज येत नाही’ हा दोष नव्हे. अशा गाडीला स्कॅनर लावून प्रेशर सेन्सरचे आणि कूलिंग कॉईलच्या तापमानाचे आकडे वाचावेत.

मग मोजणी. काचा व दारे बंद, आतली हवा फिरवणारे बटण चालू, ब्लोअर मध्यम वेगावर, मधल्या जाळीत थर्मामीटर आणि इंजिन मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांवर. पाच ते दहा मिनिटांत मधल्या जाळीतून साधारण ५ ते १० अंशांची हवा यायला हवी. बाहेर कडक ऊन आणि दमटपणा असेल तर १२ अंशांपर्यंत ठीक म्हणता येईल, कारण बरीच शक्ती हवेतले पाणी काढण्यात जाते. त्यानंतर गाडी जागेवरच आयडलिंगला पंधरा मिनिटे उन्हात ठेवा आणि मगच चालवायला न्या. विकणारे बहुधा चालत्या गाडीतला गारवा दाखवतात. दोष उभ्या गाडीत दिसतात.

चालताना गार आणि सिग्नलला गरम, असे झाले तर आधी कंडेन्सरचा पंखा पाहावा. तो फिरत नसेल, हळू फिरत असेल किंवा जाळीत चिखल-पाने अडकली असतील, तर दाब वाढून थंडावा जातो. पंखा नीट असेल तर गॅस कमी किंवा कॉम्प्रेसर झिजलेला. सुरुवातीला छान गार, मग अर्ध्या तासाने हवेचा जोरच कमी आणि एसी काही वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक, हे कॉईलवर बर्फ जमल्याचे लक्षण आहे. त्याला कॉईलवरचा तापमान सेन्सर, तुंबलेला केबिन फिल्टर किंवा कमी गॅस यांपैकी काहीही कारण असू शकते. एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने कोमट हवा आली तर गरम-थंड हवा मिसळणारा फ्लॅप अडकलेला असतो किंवा गॅस कमी असतो. डॅशबोर्डमागे टकटक होत असेल तर त्या फ्लॅपच्या मोटरचा प्लॅस्टिकचा दातेरी गियर तुटलेला आहे. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरावर चालत असेल तर रेझिस्टर गेला, हे काम किरकोळ आहे. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकणे चांगले. ते ठिबकत नसेल आणि पुढच्या सीटखालचे कार्पेट ओले असेल तर ड्रेनची नळी तुंबली आहे. पण काचेवर चिकट धुके आणि गोडसर वास आला, तर हीटरच्या कॉईलमधून कूलंट गळत आहे आणि डॅशबोर्ड खोलावा लागण्याची शक्यता मोठी आहे.

थंडीच्या दिवसांत ही चाचणी फसवी ठरते. बाहेर ४-५ अंशांखाली गेले की पुष्कळ गाड्यांत कॉम्प्रेसर मुद्दाम चालू होऊ दिला जात नाही. तेव्हा हीटर लावून केबिन आधी गरम करावी, मग एसी लावून धुकटलेली काच किती लवकर स्वच्छ होते ते पाहावे. चालू एसी हवा कोरडी करतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत फरक दिसायला हवा.

एसीच्या कारागिराकडून गेज लावून घेतले तर आकडे पुष्कळ सांगतात. आर-१३४एच्या गाडीत, बाहेर ३० ते ३५ अंश असताना, चालू एसीत कमी दाबाची बाजू साधारण ३० ते ४५ आणि जास्त दाबाची १८० ते २५० पीएसआय असावी. दोन्ही कमी : गॅस कमी. दोन्ही जास्त : गॅस जास्त, आत हवा शिरलेली किंवा कंडेन्सर थंड होत नाही. कमी बाजू फार खाली, शून्याकडे जाणारी : एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) तुंबलेला, किंवा ओलावा व्हॉल्व्हपाशी गोठतो आहे. कमी बाजू वर आणि जास्त बाजू खाली, दोन्ही काटे एकमेकांजवळ : कॉम्प्रेसर दाबत नाही. हे शेवटचे चित्र दिसले तर गॅस भरण्याच्या गप्पा तिथेच थांबवाव्यात.

लिकेजची खात्री कशी करतात, यावरही वाद होतात. व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवून, पंप बंद करून काटा दहा-पंधरा मिनिटे स्थिर राहतो का पाहणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरचा दाब आत ढकलतो, तोही फक्त १५ पीएसआयच्या आसपास. २०० पीएसआयला उघडणारी फट त्यात कधीकधी उलट घट्ट बसते. म्हणून कोरडा नायट्रोजन सुमारे १५० पीएसआयपर्यंत भरून साबणाच्या पाण्याने सांधे पाहणे अधिक भरवशाचे. साध्या कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीही भरू देऊ नये, तिच्याबरोबर ओलावा आत जातो. डॅशबोर्डमागची कॉईल डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी ब्लोअर पंधरा मिनिटे बंद ठेवून, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर ड्रेनच्या नळीजवळ धरतात. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तिथे उतरतो. ड्रेनच्या पाण्यात डाय चमकला तर शंकाच उरत नाही.

किंमत ठरवताना दोषांची प्रतवारी डोक्यात हवी. फ्यूज, रिले, केबिन फिल्टर, ओ-रिंग, व्हॉल्व्हची सुई ही तासाभराची कामे. कंडेन्सर, होज, पंखा, प्रेशर सेन्सर ही अर्ध्या दिवसाची. डॅशबोर्डमागची कॉईल ही बऱ्याच गाड्यांत पूर्ण दिवसाची, कारण स्टिअरिंग, एअरबॅग, वायरिंग सगळे सोडवावे लागते. भाग स्वस्त असला तरी मजुरी जड जाते आणि घाईत बसवलेला डॅशबोर्ड पुढे कायम वाजत राहतो. फुटलेला कॉम्प्रेसर सर्वांत वाईट. त्याचा धातूचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे पसरतो. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर तो चुरा नव्या कॉम्प्रेसरलाही खातो. तिथे कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवेच घालावे लागतात, पाइप फ्लश करावे लागतात. बारीक नळ्यांचा कंडेन्सर फ्लश करून स्वच्छ होत नाही, कुणी कितीही सांगितले तरी. ऑइल काळे, चमचमणाऱ्या कणांचे निघाले की हाच हिशेब धरायचा. कोणत्याही कारणाने प्रणाली उघडली, किंवा बराच काळ रिकामी राहिली, तर ड्रायर बदलायलाच हवा. ओलावा आणि ऑइल मिळून आम्ल तयार होते आणि ते आतून धातू खाते.

दोन गोष्टींत आम्ही सरळ नकार द्यायला सांगू. एक, लिकेज बंद करणारे रसायन आत घातलेली गाडी. ते ओलावा लागला की घट्ट होते, व्हॉल्व्ह बंद करते, रिकव्हरी मशीनही बिघडवते. त्यामुळे अनेक कारागीर अशी गाडी हातात घेत नाहीत. दुसरी, मिश्र किंवा एलपीजीसारखा ज्वालाग्राही गॅस भरलेली. कॉईल केबिनला लागून असते, तिथे तो गळला तर माणसांच्या जिवाशी खेळ आहे. शंका असेल तर आयडेंटिफायर यंत्राने गॅस तपासून घ्यावा. आर-१२३४वायएफ या दुसऱ्या गॅसवर चालणारी गाडी असेल तर हा गॅस आर-१३४एपेक्षा बराच महाग असतो, हे किंमत ठरवताना धरावे. ॲडॅप्टर लावून त्यात आर-१३४एच भरला आहे का, हेही पाहावे.

गळक्या एसीत पुन्हा पुन्हा गॅस भरण्याने खिशाबरोबर हवेचेही नुकसान होते. आर-१३४ए हा ओझोनला धोका देत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता अडवतो. ४५० ग्रॅम हवेत गेला की ते सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके होते.

सौदा करताना दोनच रीती बऱ्या. एक तर विकणाऱ्याने दुरुस्ती करून द्यावी आणि पावतीवर दोषाचे ठिकाण, बदललेले भाग, व्हॅक्यूम किती वेळ टिकला, किती ग्रॅम गॅस आणि किती मिलिलिटर ऑइल भरले हे लिहून द्यावे. नाही तर आहे त्या स्थितीत गाडी घ्यावी आणि दोष कुठे आहे हे ठरलेले नसेल तोवर सर्वांत मोठ्या दुरुस्तीचा लेखी अंदाज किमतीतून वजा करावा. दोष एकच आणि सापडलेला असेल, उदाहरणार्थ दगड लागून फुटलेला कंडेन्सर, आणि बाकी गाडी निरोगी असेल, तर अशी गाडी घेण्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल वेगळे सांगावे लागेल. त्यांचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याच्या मोटरची गुंडाळी त्याच ऑइलच्या सान्निध्यात असते. म्हणून तिथे बहुधा पीओई जातीचे, विजेला अडवणारे ऑइल लागते. साध्या गाडीचे पीएजी ऑइल थोडे जरी मिसळले तरी इन्सुलेशनचा रोध घसरतो आणि गाडी दोष दाखवून एसी बंद करते, काही वेळा चालूच होत नाही. नेहमीच्या मशीनच्या होजमध्ये उरलेल्या ऑइलनेही हे घडू शकते. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत हाच गॅस बॅटरीलाही थंड करतो, त्यामुळे एसी अशक्त असेल तर जलद चार्जिंगचा वेग पडतो. अशी गाडी घेताना आधी कुणी आणि कोणत्या ऑइलने गॅस भरला ते लेखी विचारावे, स्कॅनरने इन्सुलेशनचा रोध वाचून घ्यावा, आणि हे काम त्या विजेचे प्रशिक्षण घेतलेल्या कारागिराकडूनच करवून घ्यावे.

आपले,
मोटारींच्या एसी दुरुस्तीचे काम करणारे कारागीर